झुबेदा: गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये बोललेली पहिली नायिका

फणसवाडीतून ठाकूरद्वारला बाहेर पडलं आणि जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यानं प्रार्थना समाजाच्या दिशेनं चालू लागलं, की वाटेत मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर लागतं. कपडे, पिशव्या, घड्याळं, लग्नसराईची खरेदी. याच जागी पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी इथं ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानातला चित्रपट पहिल्यांदा बोलला. त्या चित्रपटाची नायिका होती झुबेदा. मुस्लीम घरातली, उर्दूच्या वातावरणात वाढलेली, आणि त्या दिवशी जेमतेम वीस वर्षांची.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. श्याम बेनेगल यांचा २००१ सालचा ‘झुबेदा’ हा चित्रपट या झुबेदांवर नाही. त्या चित्रपटातली झुबेदा म्हणजे जोधपूरचे महाराजा हनवंतसिंह यांच्याशी विवाह केलेल्या आणि १९५२ साली विमान अपघातात मरण पावलेल्या झुबेदा बेगम. नाव एक, दोघींचं सिनेमाशी नातं, दोघींच्या आयुष्यात संस्थानिक. त्यामुळे समाजमाध्यमांवर एकीचा फोटो आणि दुसरीची हकीकत असा घोळ नेहमी होतो. ‘आलम आरा’ची झुबेदा वेगळी आणि एका पिढीने आधीची.

जंजिऱ्यापासून सचिनपर्यंत

झुबेदा यांचा जन्म १९११ साली सुरतेत झाला. वालिदा फातमा बेगम उर्दू रंगभूमीवर काम करायच्या. वडील म्हणून नाव घेतलं जातं ते सचिन संस्थानचे नवाब सिदी इब्राहिम मुहम्मद याकूत खान तिसरे यांचं. सचिन हे सुरतेजवळचं छोटं संस्थान, पण त्याचं मूळ आपल्या कोकणात आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या सिदी घराण्यात गादीवरून वाद झाला. हक्क डावलला गेलेल्या वारसाने पेशव्यांशी करार केला, जंजिऱ्यावरचा दावा सोडला आणि बदल्यात १७९१ साली सुरतेजवळचा मुलूख घेतला. तेच सचिन. म्हणजे पहिल्या बोलपटाच्या नायिकेचा धागा हबशी वंशाच्या, समुद्रातला किल्ला कुणालाही न दिलेल्या खानदानापर्यंत जातो. रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगितलं, की त्यांना आश्चर्य वाटतं आणि थोडा अभिमानही.

मात्र इथं एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नवाब आणि फातमा बेगम यांचा निकाह झाल्याची किंवा नवाबांनी या मुलांना आपली म्हणून रीतसर मान्यता दिल्याची नोंद सापडत नाही. झुबेदा, सुलताना आणि शहजादी या तिन्ही बहिणी वाढल्या त्या आईच्या हिंमतीवर. त्यांना ‘शाहजादी’ म्हणून रंगवणारे लेख पुष्कळ आहेत. पण त्यांचं घर चालवलं ते एका बाईच्या कमाईनं, महालाच्या नेमणुकीनं नव्हे.

फातमा बेगम यांचा उल्लेख एका ओळीत उरकता येणार नाही. १८९२ साली जन्मलेल्या या बाईंनी १९२२ मध्ये ‘वीर अभिमन्यू’मधून पडद्यावर पाऊल टाकलं. तो काळ आठवा. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते, तेव्हा तारामतीसाठी त्यांना बाई मिळाली नाही. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवून उभं करावं लागलं. पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी आल्या आणि दार किलकिलं झालं. तरी पुढची कित्येक वर्षं ‘चांगल्या घरातली’ बाई कॅमेऱ्यासमोर येईना, मग घर हिंदू असो की मुसलमान. अशा वेळी फातमा बेगम स्वतः आल्या आणि मुलींनाही घेऊन आल्या.

१९२६ साली तर त्यांनी ‘फातमा फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. परीकथेचा चित्रपट, कॅमेऱ्याच्या करामतींनी भरलेला, आणि नायिका झुबेदा. आई दिग्दर्शक, लेक नायिका, पैसाही घरचाच. मुस्लीम स्त्रियांविषयी ठराविक चर्चा करणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीचं हे उदाहरण कधीच कसं आठवत नाही, कोण जाणे.

मूकपटातली लोकप्रिय मुलगी

झुबेदा पडद्यावर आल्या तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होत्या. कोहिनूर ही त्या वेळची मुंबईतली मोठी कंपनी. १९२४ मध्ये कोहिनूरचा ‘गुल-ए-बकावली’ आला. कांजीभाई राठोड दिग्दर्शक, आणि गोष्ट अशी, की जी उर्दू किश्शांतून आणि पारशी रंगभूमीवरून आपल्या आजी-पणजींनाही पाठ होती. राजाचं गेलेलं डोळ्यांचं तेज परत आणणारं फूल, त्याच्या शोधात निघालेला राजपुत्र, आणि ते फूल जिच्या बागेत उमलतं ती परी. त्याच वर्षी मणिलाल जोशी यांचा ‘पृथ्वीवल्लभ’ही आला. १९२५ साली तर एकाच वर्षात झुबेदांचे नऊ चित्रपट लागले, त्यांत ‘देवदासी’ आणि ‘देश का दुश्मन’ होते. शाळेत असायच्या वयात ही मुलगी मुंबईच्या सर्वांत लोकप्रिय नट्यांत जाऊन बसली.

१९२७ चा ‘बलिदान’ जरा वेगळा. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘विसर्जन’ नाटकावर नवल गांधी यांनी तो काढला. देवीपुढे पशुबळी द्यावा की नाही, हा त्याचा विषय. झुबेदांबरोबर त्यात सुलोचना आणि मास्टर विठ्ठल होते. सरकारने नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ कमिटीने चांगल्या हिंदी चित्रपटाचा नमुना म्हणून त्याची दखल घेतली. या चित्रपटातली तीन नावं, झुबेदा, सुलोचना आणि विठ्ठल, ध्यानात ठेवा. बोलपट आला तेव्हा या तिघांचं नशीब तीन वेगळ्या दिशांना गेलं, आणि त्याला कारण होती भाषा.

मॅजेस्टिकचे मालक

‘आलम आरा’ म्हटलं की अर्देशिर इराणी हे नाव येतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आपण विसरतो. अब्दुलअली युसुफअली, सुरतेकडचे बोहरा गृहस्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन ते पूर्वेकडच्या देशांत गावोगाव सिनेमे दाखवत फिरले. मुंबईत आल्यावर इराणींशी भागीदारी जमली आणि दोघांनी मिळून अलेक्झांड्रा आणि गिरगावचं मॅजेस्टिक ही थिएटरं चालवली. ही दोस्ती जवळजवळ चाळीस वर्षं टिकली. पुढे १९२६ मध्ये इम्पीरियल फिल्म कंपनी उभी राहिली, तिच्यातही युसुफअली होतेच. म्हणजे पहिला बोलपट ज्या कंपनीनं काढला आणि ज्या थिएटरात लागला, त्या दोन्ही ठिकाणी एक पारशी आणि एक बोहरा खांद्याला खांदा लावून होते. लागला तो गिरगावात, मराठी वस्तीच्या मधोमध. जुनी मुंबई अशीच चालायची.

इराणींनी एक्सेलसियर थिएटरात ‘शो बोट’ हा परदेशी बोलपट पाहिला आणि आपणही असं करायचं, असं ठरवलं. गोष्ट घेतली जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकातली, म्हणजे पारशी-उर्दू रंगभूमीवरची. कुमारपूरचा राजा, त्याच्या दोन राण्या नवबहार आणि दिलबहार, वारस होणार अशी भविष्यवाणी करणारा फकीर. दिलबहार सेनापती आदिलवर भाळते, तो नकार देतो, म्हणून ती त्याला कैदेत टाकते. आदिलची मुलगी जंगलात भटक्यांच्या टोळीत वाढते. तीच आलम आरा. मोठी होऊन ती महालात येते आणि राजपुत्राच्या प्रेमात पडते. आदिल झाले होते पृथ्वीराज कपूर, तेव्हा अगदी तरुण.

नायिका कोण, हा प्रश्न होता. इम्पीरियलची सगळ्यात मोठी तारका सुलोचना. तिचं खरं नाव रूबी मायर्स, ती बगदादी यहुदी घरातली. मूकपटात तिच्या चेहऱ्याला तोड नव्हती आणि पगारही तसाच होता. पण हिंदुस्थानी तिला धड बोलता येईना. चित्रपट बोलणार म्हटल्यावर चेहरा पुरेना, जीभ हवी. भूमिका झुबेदांकडे आली, कारण त्यांच्या घरात उर्दू बोलली जायची, आई उर्दू रंगमंचावरची, आणि गळाही होता. सुलोचना काही घरी बसली नाही, हेही सांगायला हवं. तिनं काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि १९३२ च्या ‘माधुरी’ बोलपटातून ती परतली.

मास्टर विठ्ठल यांची कथा आणखी गमतीची. मराठी मुलखातला हा तलवारबाज नट, हाणामारीच्या मूकपटांचा राजा. तो शारदा स्टुडिओशी करारानं बांधलेला होता. करार मोडून इम्पीरियलकडे आला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर मुहम्मद अली जिना. विठ्ठल जिंकला. पण सेटवर त्याच्या उर्दूनं घात केला. शीन-काफ जमेना. मग पटकथेत तोडगा निघाला. राजपुत्र बराच वेळ बेशुद्ध किंवा जादूच्या अंमलाखाली दाखवला, म्हणजे त्याला बोलायलाच नको. पहिल्या बोलपटाचा नायक मुका आणि नायिका बोलणारी, असा हा प्रकार झाला. बोलपटानंतर विठ्ठलची हिंदीतली सद्दी संपत गेली. पुढे तो मराठी चित्रपटांत बराच काळ दिसत राहिला.

रात्री एक ते चार

इम्पीरियलचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, ग्रँट रोडच्या बाजूला. शेजारून रेल्वे. मूकपटाला त्याचा काही त्रास नव्हता, पण बोलपटात आगगाडीची शिटी राणीच्या संवादात घुसायची. आवाज अडवणाऱ्या भिंती असलेला स्टुडिओ कुणाकडेच नव्हता. उपाय एकच, गाड्या थांबल्यावर काम करायचं. म्हणून चित्रीकरणाचा बराच भाग रात्री एक ते पहाटे चार या वेळात झाला.

यंत्र होतं तनार कंपनीचं. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरायचा. म्हणजे आवाज नंतर भरण्याची सोय नाही. संवादाला अडखळलात तर सगळा शॉट पुन्हा. विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ रोजचे शंभर रुपये मागायचा, ते परवडेनात. तेव्हा इराणी स्वतःच रुस्तम भरुचा यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रण शिकले. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून सेटवरच्या वस्तूंमागे लपवायचे. वादकही असेच आडोशाला बसायचे. तबला, पेटी आणि व्हायोलिन, बस्स.

पार्श्वगायन नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. नटीनं मायक्रोफोन कुठं आहे हे लक्षात ठेवून तिकडं तोंड राहील असं उभं राहायचं, चेहऱ्यावर अभिनय आणायचा आणि त्याच दमात गायचं. चित्रपटात सात गाणी होती. पहिलं गाणं फकिराच्या भूमिकेतल्या वजीर मोहम्मद खान यांनी म्हटलं आणि हिंदी सिनेमाचा पहिला गायक म्हणून ते इतिहासात गेले. झुबेदांच्या वाट्यालाही गाणी होती. रात्री तीनच्या सुमारास, झोप डोळ्यांवर घेऊन, दिव्यांच्या उष्णतेत ती गाणी एका दमात म्हणणं म्हणजे काय असेल, याचा विचार आज ऑटोट्यूनच्या जमान्यात कुणी करत नाही.

१४ मार्चला मॅजेस्टिकसमोर सकाळपासून गर्दी जमली. रांग लावायची रीत तेव्हा फारशी नव्हती, तिकीटखिडकीवर नुसती झुंबड. पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात गेलं. चार आणे म्हणजे रुपयाचा पाव भाग, म्हणजे सोळा ते वीस पट भाव. जाहिरातीत लिहिलं होतं, की ७८ मेलेली माणसं जिवंत होऊन बोलताहेत. आठ आठवडे गर्दी हटली नाही. पुढे इतर शहरांत हा चित्रपट दाखवताना आवाजाचं यंत्रही बरोबर घेऊन जावं लागलं, कारण बहुतेक थिएटरांत ते नव्हतंच.

यशानंतर

‘आलम आरा’नंतर झुबेदांना मागणी आली नसती तरच नवल. इराणींशीच नातं असलेल्या सागर मूव्हीटोनमध्ये त्यांनी बरीच कामं केली. जाल मर्चंट यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली आणि पौराणिक चित्रपटांत त्या सुभद्रा वगैरे भूमिकांतून दिसू लागल्या. मुसलमान मुलगी सुभद्रा, पारशी मुलगा अर्जुन, आणि प्रेक्षक हात जोडून बसलेले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. १९३२ साली एझरा मीर यांच्या ‘झरीना’वर मात्र गदारोळ झाला. बेफिकीर मुलीची भूमिका आणि त्यातली चुंबनदृश्यं, यांवर सेन्सॉरच्या कात्रीची चर्चा झडली.

त्या काळच्या नट्यांना पडद्यावरची धीट भूमिका आयुष्यभर चिकटायची. त्यात बाई मुसलमान असली, की मोहल्ल्यातलं बोलणं वेगळं आणि बाहेरचं वेगळं. दोन्हीकडून मार. गिरगावातल्याच कांदेवाडीत वाढलेल्या दुर्गा खोटे यांनीही त्याच सुमारास बोलपटात पाऊल टाकलं. सुशिक्षित, खानदानी घरातली बाई सिनेमात आली म्हणून केवढी खळबळ झाली होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांना लिहिता आलं, त्यांचं आत्मचरित्र आपण वाचतो. झुबेदांनी आपली बाजू सांगणारं असं पुस्तक मागं ठेवलं नाही. दोघींच्या स्मृतीत आज जो फरक दिसतो, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

१९३४ मध्ये झुबेदांनी दिग्दर्शक नानुभाई वकील यांच्यासोबत महालक्ष्मी मूव्हीटोन ही कंपनी काढली. ‘गुल सनोबर’ आणि ‘रसिक-ए-लैला’ हे तिचे चित्रपट. आईनं काढलेल्या कंपनीत काम करणारी मुलगी आता स्वतः मालकीण झाली होती. तिशीच्या दशकात बऱ्याच मुस्लीम स्त्रिया असं करत होत्या. जद्दनबाईंनी संगीत फिल्म्स काढली, चित्रपटांना संगीतही दिलं. गोहर मामाजीवाला या बोहरा घरातल्या नटी रणजित स्टुडिओच्या भागीदार होत्या, आणि रणजित म्हणजे दादरचा कारखानाच. ज्या समाजात बाईच्या नावावर दुकान असणंसुद्धा विरळ, तिथं या बाया स्टुडिओ चालवत होत्या, शेकडो माणसांचे पगार करत होत्या.

हळूहळू झुबेदांनी काम कमी केलं. वर्षाला एक-दोन चित्रपट, मग तेही नाहीत. १९३७ च्या आसपास त्या जवळजवळ थांबल्या. १९४९ चा ‘निर्दोष अबला’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट मानला जातो.

त्यांचा विवाह हैदराबादच्या महाराजा नरसिंगगीर धनराजगीर यांच्याशी झाला. हे गोसावी सावकारांचं बडं घराणं, निजामाच्या राज्यात त्यांची मोठी पत होती. सोलापूरकरांना हे नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असेल, कारण तिथली नरसिंग गिरजी मिल याच घराण्याची. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ उभी असलेली धनराज महाल ही देखणी इमारतही त्यांचीच. झुबेदांची शेवटची वर्षं तिथंच गेली. सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं. वालिदा फातमा बेगम १९८३ साली गेल्या होत्या, नव्वदी ओलांडून. बहीण सुलताना फाळणीनंतर पाकिस्तानात स्थायिक झाली. एका आईच्या मुली, पण कुणाच्या वाट्याला कराची आली आणि कुणाच्या वाट्याला कुलाबा. आपल्यापैकी किती घरांत हीच हकीकत आहे.

आवाज कुठं गेला?

सगळ्यात वाईट गोष्ट राहिलीच. ‘आलम आरा’ आज पाहता येत नाही. एकही प्रत शिल्लक नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, गाण्यांच्या ओळी छापलेल्या आहेत, पण आवाज नाही. गाण्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्डही काढल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे जिच्या आवाजासाठी मॅजेस्टिकवर दंगा झाला, तिचा त्या चित्रपटातला एक शब्दही आपल्या कानावर पडणार नाही.

पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ साली लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असं वारंवार छापून येतं. संग्रहालयाचे संस्थापक-संचालक पी. के. नायर यांनी हे खोडून काढलं होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार, १९६४ मध्ये संग्रहालय उभं राहिलं तेव्हाच हा चित्रपट हाती लागला नव्हता. त्यांनी वृद्ध अर्देशिर इराणींची गाठ घेतली होती, तेव्हा काही रिळं मुलाकडे असतील असं इराणी म्हणाले. पण मुलानं ती केव्हाच चांदी काढण्यासाठी मोडीत काढली होती. जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, ती काढून विकायची त्या काळी सर्रास पद्धत होती. अशा कितीतरी मूकपटांच्या बांगड्या झाल्या असतील.

काही वर्षांपूर्वी ‘आलम आरा’ची फिल्म ज्यावर छापली गेली, ते शिकागोत बनलेलं यंत्र मुंबईतल्या एका साड्यांच्या दुकानात सापडलं. यंत्र टिकलं, फिल्म नाही. मॅजेस्टिकची इमारतही पाडली गेली.

तेव्हा आपल्या घरांतल्या जुन्या पेट्या, ट्रंका, पोटमाळे रिकामे करताना जरा सबुरीनं घ्या. वडीलधाऱ्यांपैकी कुणी थिएटरात ऑपरेटर असेल, वितरकाकडे नोकरीला असेल, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात तबला वाजवत असेल, तर त्यांच्या कागदांत गाण्यांची चोपडी, तिकीट, हँडबिल, फिल्मचा तुकडा निघू शकतो. उर्दूत छापलेलं आहे, आता कोण वाचणार, म्हणून ते रद्दीत देऊ नका. पुण्याचं संग्रहालय अशा वस्तू स्वीकारतं. फक्त एक काळजी घ्या, जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, ती घरात उन्हाजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका आणि आधी जाणकाराला दाखवा.